पिकअपचे पुढचे स्ट्रट घरी बदलता येतात का? हो, पण एक नट सोडून

मुंबई-ठाण्यात बसून तुम्ही ऑनलाइन काही मागवलं, तर ते पार्सल बऱ्याचदा भिवंडीच्या एखाद्या गोदामातून निघतं. तिथून मोठा ट्रक, मग छोटा पिकअप, मग बाइकवाला आणि शेवटी तुमचं दार. या साखळीतला छोटा पिकअप माझा मोठा भाऊ चालवतो. गाडी स्वतःची आहे, म्हणजे निम्मी त्याची आणि निम्मी बँकेची.

पावसाळ्यात भिवंडीचे रस्ते कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. अंजूरफाटा, माणकोली, वाडा रोड, कुठूनही जा, खड्डा चुकवला की पुढचा खड्डा तयारच. गेल्या पावसाळ्यात दादाच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक टक' आवाज यायला लागला. ब्रेक मारला की तोंड खाली जायचं आणि गाडी डोलत राहायची. गॅरेजवाल्याने सांगितलं, "पुढचे दोन्ही शॉकअप गेले. गाडी दोन दिवस ठेवा." दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवसांचं भाडं बुडालं, वर पार्टचे आणि मजुरीचे पैसे.

मी म्हणालो, "दादा, यूट्यूबवर बघून आपण घरीच करू. रविवारी काम होऊन जाईल."

काम झालं. पण मध्ये अशी एक चूक केली, की आज हा लेख लिहायच्या ऐवजी मी हॉस्पिटलात दादाच्या उशाशी बसलेलो असतो. म्हणून सगळं नीट सांगतो. काय घरी करता येतं, मोबाइल कुठे कामाला येतो आणि कुठे हात थांबवायचा.

स्ट्रट म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे सगळ्यालाच 'शॉकअप' म्हणतात. पण त्यात दोन वेगळी कामं आहेत.

स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. खड्ड्यात चाक गेलं की दबते आणि परत वर येते. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी जत्रेतल्या पाळण्यासारखी वर-खाली होतच राहील. ते हलणं थांबवतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर. त्याच्या नळीत तेल असतं आणि एक दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक हललं की तेल त्या भोकांतून कष्टाने जातं, हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते.

हे दोन्ही एकाच खांबासारख्या जोडणीत बसवले आणि चाकाचा वरचा आधारही त्याच खांबाला दिला, की झाला स्ट्रट. ही रचना अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफिर या गाड्यांत ती १९५० मध्ये आली. भारतात १९८३ च्या मारुती ८०० ने ती घराघरात पोहोचवली.

आधी हे बघा: तुमच्या पिकअपला स्ट्रट आहे का?

यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचे असतात. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. मारुती सुपर कॅरीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. टाटा एसच्या बऱ्याच गाड्यांना पुढेही पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. पाट्यांच्या गाडीत शॉकअप वेगळा लावलेला असतो, तो बदलायचं काम बरंच सोपं असतं आणि त्यात गुंडाळी स्प्रिंग दाबायचा प्रश्नच येत नाही.

ओळखायचं कसं? स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या आत बघा. जाड गुंडाळी स्प्रिंग आणि तिच्या मधून जाणारी नळी दिसली, नळीचं खालचं टोक चाकाच्या नकलला बोल्टने घट्ट धरलेलं असलं, तर तो स्ट्रट. लोखंडाच्या पट्ट्यांची चवड दिसली, तर ते पाटे. हा लेख पहिल्या प्रकारासाठी आहे.

मोबाइलने तपासणी

आता गंमत ऐका. तुमच्या मोबाइलच्या आत पण एक सस्पेन्शन आहे. स्क्रीन आडवी केली की व्हिडिओ आडवा होतो, ते ज्या अ‍ॅक्सेलरोमीटरमुळे होतं, त्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं अंतर बदलतं, त्यामुळे विद्युत धारिता बदलते आणि फोनला कळतं की आपण किती जोरात हललो. तो तुकडा हलतच राहू नये म्हणून चिपमधला वायू त्याला आवरतो. म्हणजे स्प्रिंग पण आहे आणि शॉकअप पण!

मग हेच वापरून गाडी तपासली. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' नावाचं फुकट अ‍ॅप आहे. त्यात फोनच्या सेन्सरचा आलेख दिसतो.

१. गाडी रिकामी, सपाट जागेवर, इंजिन बंद.
२. फोन डॅशबोर्डवर सपाट ठेवून दुहेरी टेपने पक्का चिकटवला. नुसता ठेवला तर फोनच सरकतो आणि आलेख खोटा येतो.
३. अ‍ॅपमध्ये गुरुत्व वगळून त्वरण मोजणारा प्रयोग सुरू केला.
४. दादा बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर वजन टाकून तीन वेळा दाबून एकदम बाजूला झाला. मग तेच उजवीकडे.

उजव्या बाजूला आलेखात एक मोठी लाट आणि एक छोटी लाट आली, मग सरळ रेघ. डावीकडे चार लाटा मोजता आल्या. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येऊन साधारण दीड हेलकाव्यात थांबते. फोन नसेल तर स्लो मोशन व्हिडिओतही हे दिसतं.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. मालवाहू गाडीच्या स्प्रिंगा कडक असतात, हाताने दाबून सगळं कळत नाही. आणखी तीन गोष्टी बघा:

- तेल: नळीवर धुळीचा पातळ चिकट थर चालतो. तेल ओघळून खाली आलं असेल तर सील गेलं.
- टायर: टायरवरून हात फिरवा. जागोजागी उंच-सखल लागलं, तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय.
- आवाज: 'टक टक' दरवेळी स्ट्रटचीच नसते. चाक उचलून, गाडी घोडीवर टेकवून, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगही बघावं लागेल. लिंक रॉड आणि बुश पण तपासा. नाहीतर नवे स्ट्रट टाकूनही आवाज तसाच राहतो.

आमच्या डाव्या स्ट्रटमधून तेल गळत होतं. आवाज वरच्या माउंटच्या फाटलेल्या रबरातून येत होता.

पार्ट घेताना

चेसिस नंबरवरूनच पार्ट मागवा. 'सगळ्यांना हाच बसतो' यावर जाऊ नका. डावा आणि उजवा वेगळा असू शकतो. जुन्या पार्टवर कोरलेल्या नंबरचा फोटो काढून दुकानात दाखवला की अर्धा वाद मिटतो.

दोन्ही बाजू एकदम बदला. आमचा उजवा आलेखात बरा होता, तरी आम्ही दोन्ही घेतले. एक नवा आणि एक थकलेला असला तर ब्रेक मारताना दोन चाकं रस्त्याला वेगवेगळी धरतात. सोबत वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर घ्या. यांच्यासाठी तोच खोलकाम परत करणं म्हणजे डबल मेहनत. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः हात लावू नका.

तयारी

जॅक गाडी *उचलायला* असतो, *धरून ठेवायला* नाही. हे वाक्य पाठ करा. गाडी उचलली की चेसिसखाली घोडी लावायचीच. आम्ही दोन घोड्या शेजारच्या गॅरेजातल्या चाचांकडून आणल्या. लागणारं बाकी सामान असं:

- गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने आणि शक्य असेल तर टॉर्क पाना
- दोन जॅक, दोन घोड्या, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- गंज सोडवणारा स्प्रे (आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टवर मारून ठेवा)
- खडू किंवा पांढरा रंग, बांधायची तार, गॉगल, हातमोजे

जागा सिमेंटची आणि सपाट हवी. पावसात भिजलेल्या मातीवर घोडी रुतते.

काम पायरी पायरीने

१. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

२. गाडी उचला, घोड्या लावा आणि गाडीला जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा, तेवढाच दुसरा आधार.

३. काहीही सोडवायच्या आधी फोटो काढा. लांबून एक, जवळून दोन. संध्याकाळी थकल्यावर 'हा वॉशर कुठला?' याचं उत्तर फोनच देतो.

४. ब्रेकचा पाइप स्ट्रटला क्लिपने धरलेला असतो, तो मोकळा करा. एबीएसची वायर असेल तर तीही. लिंक रॉड स्ट्रटला जोडलेला असेल तर सोडवा.

५. खाली नकलला धरणाऱ्या दोन बोल्टभोवती खडूने खूण करा. दुसरा जॅक खालच्या आर्मला हलकासा टेकवा. हे विसरलात तर सगळं वजन ब्रेकच्या पाइपवर लटकेल.

६. खालच्या बोल्टचे नट काढा, बोल्ट सध्या तसेच राहू द्या. मग वरच्या माउंटचे *कडेचे* नट काढा. शेवटचा नट काढताना दुसऱ्याने स्ट्रट खालून धरायचा. मग खालचे बोल्ट ठोकून काढा, स्ट्रट बाहेर येतो. नकल तारेने बांधून ठेवा.

सुपर कॅरीसारख्या गाडीत ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढच्या चाकात ड्राइव्ह शाफ्ट नसतो. कारच्या व्हिडिओत 'शाफ्ट ओढला जाईल, सांभाळा' सांगतात, ती काळजी इथे नाही.

माझी चूक

आता सहाव्या पायरीवर परत या. 'कडेचे' हा शब्द मी मुद्दाम ठळक केला.

वरच्या माउंटवर कडेला छोटे नट असतात आणि मधोमध एक मोठा नट. मला वाटलं, मोठा म्हणजे तोच मुख्य. आधी तोच काढू. दादा चाकाच्या कमानीत डोकं घालून स्ट्रट धरून बसला होता. मी मोठ्या नटावर गोटी लावली, पान्याला पाइप घातला आणि जोर लावला. नट हलला नाही. गंजला होता. परत जोर लावला. तेवढ्यात घोड्या परत न्यायला चाचा आले. त्यांनी माझा हात बघितला आणि ओरडलेच, "अरे बेटा, छोड! वो मत खोल!"

मी थांबलो. चाचांनी आधी दादाला बाहेर काढलं. मग समजावलं.

तो मधला नट गाडीला काहीच धरत नाही. तो स्प्रिंगला दाबून धरतो. चाक लटकत असलं, स्ट्रट हातात काढून घेतला, तरी स्प्रिंग आत दाबलेलीच असते. हिशोब करून बघा. समजा स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ३० न्यूटन लागतात आणि ती १० सेंटिमीटर दाबून बसवली आहे. म्हणजे ती ३,००० न्यूटनने, साधारण ३०० किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ढकलते आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा होते १५० जूल. १५ किलोचं वजन एक मीटरवरून तुमच्या तोंडावर पडलं तर जेवढं, तेवढं. नट सुटला की हे सगळं एका क्षणात बाहेर येतं.

दादाचं तोंड त्या स्प्रिंगपासून हातभर लांब होतं. आम्हाला अक्कल नाही, गंजाने वाचवलं.

रात्री मी तो व्हिडिओ परत लावला. त्यात इशारा होता, अगदी स्पष्ट होता. मी व्हिडिओ दुप्पट वेगाने बघितला होता आणि 'बोलबच्चन' म्हणून तो भाग पुढे ढकलला होता. दादाला हे सांगायला मला दोन दिवस लागले. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी सावकाश बघ."

मग स्प्रिंग कोण बदलणार?

दोन मार्ग आहेत.

पहिला, स्प्रिंग आणि माउंटसकट तयार जोडलेला स्ट्रट मिळत असेल तर तो घ्या. मधल्या नटाला हात लावावाच लागत नाही. आपल्या छोट्या पिकअपसाठी हा प्रकार सहज मिळेलच असं नाही.

दुसरा, जो आम्ही केला. स्ट्रट जसाच्या तसा काढून गॅरेजात न्या. तिथे भिंतीला किंवा टेबलाला पक्का लावलेला स्प्रिंग दाबायचा प्रेस असतो. चाचांनी दोन्ही स्प्रिंगा नव्या स्ट्रटवर चढवून दिल्या. बाजारात दोन आकड्यांचा स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतो, ऑनलाइनही दिसतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याने तो घेऊ नये. एक आकडा सरकला की स्प्रिंग वाकडी होऊन उडते.

गॅरेजात उभं राहून मी दोन गोष्टी शिकलो. एक, नवा स्ट्रट बसवायच्या आधी उभा धरून त्याचा दांडा चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करायचा, म्हणजे आडव्या ठेवलेल्या नळीत अडकलेली हवा निघते. दोन, चकचकीत दांडा पकडीने कधीच धरायचा नाही. त्यावर ओरखडा पडला की तोच ओरखडा सील कापतो आणि नवा स्ट्रट काही महिन्यांत गळायला लागतो.

परत बसवताना

उलट्या क्रमाने जा. आधी वरचे नट हाताने लावा, मग खालचे बोल्ट. खडूच्या खुणा जुळवा. ब्रेकचा पाइप पिळलेला नाही ना, ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. रबर बुश असलेले बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडी चाकांवर उभी असावी, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. किती घट्ट करायचं याचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. दुसऱ्या गाडीच्या व्हिडिओतले आकडे वापरू नका. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर आवळा आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर परत तपासा.

लोड भरायच्या आधी

स्ट्रटच्या खालच्या बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असते. खूण कितीही जुळवली तरी चाकाचा कोन किंचित बदलतो. म्हणून गाडी रिकामीच, सावकाश, थेट व्हील अलाइनमेंटला न्यायची. हे पैसे वाचवले तर टायर खाल्ले जातात आणि त्यात दुप्पट जातात.

आमचं काम रविवारी सकाळी सुरू होऊन अंधार पडायला संपलं. सोमवारी सकाळी अलाइनमेंट आणि दुपारी गाडी भाड्यावर. फायफॉक्सचा आलेख परत काढला. दोन्ही बाजूंना एक लाट, मग सरळ रेघ. तो स्क्रीनशॉट दादाने स्टेटसला ठेवला.

शेवटची गोष्ट, लोडची

नवे स्ट्रट टाकले म्हणून गाडी जास्त माल उचलत नाही. स्ट्रट हेलकावे थांबवतो, वजन झेलायची मर्यादा वाढवत नाही. तुमच्या गाडीची मर्यादा मोबाइलमध्येच आहे. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा. गाडीचं मालासकट एकूण वजन आणि रिकामं वजन, या दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल आणि माणसं मिळून जास्तीत जास्त वजन. दादाने तो आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवलाय. गोदामातला माणूस "अजून चार बॉक्स टाकू का?" म्हणाला, की दादा आता बोटाने तो कागद दाखवतो.